झेपेलिननंतरचा रॉबर्ट प्लँट

‘लेड झेपेलिन’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक रॉबर्ट प्लँट याची सोलो कारकीर्द १९८२ साली सुरू झाली, असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. खरं तर ती १९६७ मध्ये सुरू होऊन त्याच वर्षी संपलीही होती. सीबीएस कंपनीने या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराच्या एकट्याच्या नावावर दोन सिंगल रेकॉर्ड काढल्या. त्यातली पहिली एका इटालियन प्रेमगीताची इंग्रजी आवृत्ती होती. सुटाबुटात उभं राहून गाण्याच्या चालीचं ते गाणं या पोराला कुठूनच शोभण्यासारखं नव्हतं. रेकॉर्ड पडल्या, आणि हाती उरला तो फक्त कंपनीशी केलेला करार.

प्लँट इंग्लंडच्या मध्यभागातला, म्हणजे मिडलंड्सचा. बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला कोळशाच्या खाणी आणि लोखंडाच्या भट्ट्यांनी काळवंडलेला जो पट्टा आहे, त्याला तिथे ‘ब्लॅक कंट्री’ म्हणतात. त्या पट्ट्यातल्या वेस्ट ब्रॉमिच गावी २० ऑगस्ट १९४८ रोजी त्याचा जन्म झाला. वडील इंजिनिअर. मुलाने चार्टर्ड अकाउंटंट व्हावं अशी घरची इच्छा होती. त्या उमेदवारीत तो जेमतेम दोन आठवडे टिकला. त्याला वेड होतं ते अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या कृष्णवर्णीय ब्लूज गायकांचं. रात्री पबमध्ये गायचं आणि पोटासाठी वेस्ट ब्रॉमिचच्या हमरस्त्यावर डांबर टाकायचं, असे ते दिवस होते. त्याच दिवसांत जॉन बॉनम नावाचा ड्रमर त्याचा जिवलग झाला. दोघे ‘बँड ऑफ जॉय’ नावाच्या बँडमध्ये एकत्र वाजवत-गात, आणि तोही बँड १९६८ मध्ये मोडला.

त्याच उन्हाळ्यात लंडनमध्ये जिमी पेज हा गिटारवादक गायकाच्या शोधात होता. त्याचा ‘यार्डबर्ड्स’ बँड फुटला होता. त्याने आधी टेरी रीड या गायकाला विचारलं. रीडने नकार दिला, पण जाता जाता सांगितलं की, मिडलंड्समध्ये प्लँट नावाचा एक पोरगा आहे, त्याला ऐक. पेज आणि मॅनेजर पीटर ग्रँट तिकडे गेले. एका शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयातल्या छोट्याशा कार्यक्रमात त्यांनी प्लँटला ऐकलं. असा आवाज असून हा अजून कुणाच्या हाती कसा लागला नाही, याचंच पेजला नवल वाटलं. प्लँट आला आणि येताना बॉनमलाही घेऊन आला. बास आणि की-बोर्डसाठी जॉन पॉल जोन्स आधीच ठरला होता. ऑगस्टमध्ये लंडनच्या जेरार्ड स्ट्रीटवरच्या एका तळघरात चौघे पहिल्यांदा एकत्र वाजले. या चौघांचा बँड म्हणजे ‘लेड झेपेलिन’; जानेवारी १९६९ मध्ये त्याचा पहिला अल्बम बाजारात आला. त्यावर गीतकार म्हणून प्लँटचं नाव कुठेही नाही, कारण सीबीएसचा तो जुना करार अजून त्याच्या मानगुटीवर होता.

पुढची अकरा वर्षं रॉकच्या इतिहासात पाठ झालेली आहेत, म्हणून मी ती भराभर सांगतो. १९७१ चा चौथा अल्बम, त्यातलं आठ मिनिटांचं ‘स्टेअरवे टू हेवन’, मे १९७३ मध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात ५६,८०० श्रोते आणि त्याबरोबर मोडलेला बीटल्सचा विक्रम, खासगी विमान, उधळपट्टी. या सगळ्याच्या वर प्लँटचा आवाज होता. तार सप्तकाच्याही पलीकडे जाणारी, फाटता फाटता सावरणारी ती किंकाळी हजारोंना वेड लावत होती. हेवी मेटलच्या पुढच्या दोन पिढ्यांतल्या गायकांनी तिचीच नक्कल केली.

त्या वैभवाची एक बाजू मात्र भराभर सांगून चालणार नाही. झेपेलिनने ज्या ब्लूज गायकांकडून घेतलं, त्यांची नावं अनेकदा रेकॉर्डवर आली नाहीत. ‘होल लॉटा लव्ह’मध्ये विली डिक्सनच्या गाण्यातले शब्द होते. डिक्सनने १९८५ मध्ये दावा लावला, दोन वर्षांनी न्यायालयाबाहेर तडजोड झाली आणि मग त्याचं नाव त्या गाण्यावर आलं. हा डाग झेपेलिनच्या चाहत्यांनी झाकू नये. प्लँटच्या नंतरच्या प्रवासाचा मोठा भाग मला त्या देण्याची फेड वाटतो.

मुंबईचाही यात एक प्रसंग आहे. १९७२ मध्ये जपानचा दौरा आटोपून पेज आणि प्लँट मुंबईत उतरले. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही आपली दोन गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली. ‘फोर स्टिक्स’ पाच आणि सहा मात्रांच्या गटांत अडखळत चालतं, आणि इंग्लंडमध्ये बॉनमलाही ते सहज हाती आलं नव्हतं. तबला-सारंगीवाल्यांबरोबरचं हे मुद्रण त्रेचाळीस वर्षं कपाटात राहिलं. २०१५ मध्ये ‘कोडा’ अल्बमच्या नव्या आवृत्तीत ते अधिकृतपणे प्रसिद्ध झालं. त्याच मुक्कामात कुलाब्यातल्या ‘स्लिप डिस्क’ या छोट्या क्लबमध्ये हे दोघे स्टेजवर चढून वाजले होते. जगातल्या सर्वांत महागड्या बँडांपैकी एकाचे दोन शिलेदार त्या रात्री मूठभर मुंबईकरांनी हाताच्या अंतरावर ऐकले. पूर्वेकडचा हा ओढा प्लँटच्या बाबतीत हौसेपुरता नव्हता. मोरोक्कोत त्याने इजिप्तच्या उम्म कुलथुमला ऐकलं होतं आणि तिच्या गाण्याने तो पुरता भारावला होता. ‘काश्मीर’ या गाण्याचे शब्द त्याला दक्षिण मोरोक्कोच्या वाळवंटातल्या एका लांबलचक रस्त्यावर सुचले. काश्मीर त्याने तोवर पाहिलंही नव्हतं.

मग एकामागून एक घाव बसत गेले. ४ ऑगस्ट १९७५ रोजी ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर मोटार अपघातात प्लँट आणि त्याची पत्नी मॉरीन गंभीर जखमी झाले. पुढचा अल्बम त्याने म्युनिकमध्ये चाकाच्या खुर्चीत बसून गायला. जुलै १९७७ मध्ये अमेरिकेचा दौरा चालू असताना न्यू ऑर्लिन्सच्या हॉटेलात घरून फोन आला. कॅरॅक हा त्याचा पाच वर्षांचा मुलगा पोटाच्या संसर्गाने अचानक गेला होता. दौरा तिथेच थांबला. बॉनम त्याच्याबरोबर इंग्लंडला परतला. पेज आणि जोन्स अंत्यविधीला आले नाहीत, आणि प्लँटच्या मनाला ते लागलं. गाणं सोडून शिक्षक व्हावं असं त्याने ठरवत आणलं होतं; बॉनमने बाबापुता करून त्याला परत आणलं.

२५ सप्टेंबर १९८० रोजी तोच बॉनम गेला. नव्या दौऱ्याच्या तालमीच्या दिवशी तो सकाळपासून पीत होता आणि रात्री पेजच्या घरी झोपेतच संपला. वय ३२. डिसेंबरच्या ४ तारखेला तिघांनी छोटंसं निवेदन काढून बँड थांबवत असल्याचं कळवलं.

प्लँट तेव्हा अवघा बत्तीस वर्षांचा होता. पैसा भरपूर होता आणि काही केलं नसतं तरी कुणी विचारलं नसतं. नवा ड्रमर घेऊन जुनं दुकान चालू ठेवण्याची वाटही मोकळी होती. ड्रमर गेल्यावर त्याची जागा भरणारे बँड त्या काळात होतेच. प्लँटने यातलं काहीच केलं नाही. १९८१ मध्ये त्याने ‘हनीड्रिपर्स’ नावाची एक टोळी जमवली आणि उत्तर इंग्लंडच्या छोट्या क्लबांतून जुनी रिदम अँड ब्लूजची गाणी गायला सुरुवात केली. झेपेलिनचं एकही गाणं नाही. दीड-दोन वर्षांपूर्वी लाखाच्या गर्दीपुढे गाणारा माणूस दोन-तीनशे लोकांसमोर उभा राहून परकी गाणी गात होता, कारण बॉनमशिवाय गाता येतं की नाही हेच त्याला आधी पाहायचं होतं.

‘पिक्चर्स ॲट इलेव्हन’ हा पहिला सोलो अल्बम जून १९८२ मध्ये आला. ड्रम्सवर कोणाला बसवायचं, हा सगळ्यांत नाजूक प्रश्न होता. तो फिल कॉलिन्सने सोडवला. तो स्वतः ‘जेनेसिस’चा ड्रमर आणि गायक, शिवाय सोलो म्हणून यशाच्या शिखरावर, पण बॉनमचा निस्सीम चाहता. आठांपैकी सहा गाणी त्याने वाजवली आणि पुढच्या वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात प्लँटच्या मागे ड्रमर म्हणून निमूटपणे बसला. त्या काळातल्या रॉकच्या दुनियेत असा मोठेपणा मला फारसा दिसत नाही. १९८३ च्या ‘द प्रिन्सिपल ऑफ मोमेंट्स’मधलं ‘बिग लॉग’ ऐकलं की प्लँटने स्वतःत किती बदल केला होता ते कळतं. एक लांब, उदास रस्ता, रॉबी ब्लंटची सावकाश ओघळणारी गिटार आणि ओरडण्याचा मोह एकदाही न होणारा गळा. ब्रिटनच्या यादीत ते ११ व्या आणि अमेरिकेत २० व्या क्रमांकावर गेलं. दौऱ्यात लोक ‘स्टेअरवे’साठी ओरडत राहिले, पण त्याने जुनं एकही गाणं गायलं नाही.

१९८४ मध्ये हनीड्रिपर्सच्या नावाने काढलेल्या पाच गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डमधलं ‘सी ऑफ लव्ह’ अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर पोचलं. हे यश एखाद्याने आयुष्यभर दुभतं ठेवलं असतं. प्लँट त्याला घाबरला. आपण जुन्या गोडगोड गाण्यांचे गायक म्हणून ओळखले जाऊ, ही ती भीती. घाईने काढलेला १९८५ चा ‘शेकन अँड स्टर्ड’ सिंथेसायझरांनी भरलेला आणि आज ऐकवत नाही. त्याच वर्षी १३ जुलैला फिलाडेल्फियात ‘लाइव्ह एड’ या मदत-कार्यक्रमाच्या मंचावर झेपेलिनचे तिघे एकत्र आले. प्लँटचा घसा बसलेला, पेजची गिटार बेसूर, दोन ड्रमरांचा मेळ नाही. पुढे त्या कार्यक्रमाची डीव्हीडी निघाली तेव्हा बँडने आपला भाग त्यात घालू दिला नाही.

१९८८ च्या ‘नाउ अँड झेन’पासून तो भूतकाळाकडे जरा मोकळ्या मनाने पाहू लागला. तोवर बीस्टी बॉइजसारखे रॅपवाले झेपेलिनचे तुकडे कापून आपल्या गाण्यांत बसवत होते. तेव्हा प्लँटनेही ‘टॉल कूल वन’ या गाण्यात स्वतःच्याच बँडचे तुकडे बसवले. त्या दौऱ्यात झेपेलिनची गाणी त्याच्या कार्यक्रमात परतली. १९९३ चा ‘फेट ऑफ नेशन्स’ मात्र या पहिल्या टप्प्याचा खरा कळस. ब्रिटिश लोकसंगीत, भारतीय वळणाची व्हायोलिनं आणि कॅलिफोर्नियाचा वारा त्यात एकत्र नांदतात. त्यातलं ‘आय बिलीव्ह’ कॅरॅकसाठी आहे. मुलाला जाऊन सोळा वर्षं झाली होती, आणि त्या गाण्यात बापाचा आवाज कुठेही चढत नाही.

१९९४ मध्ये एमटीव्हीने पेज आणि प्लँटला पुन्हा एकत्र आणलं. प्लँटची अट अशी होती की, जुनी गाणी आहेत तशी वाजवायची नाहीत. मग माराकेशच्या चौकात, वेल्सच्या दऱ्यांत आणि लंडनच्या स्टुडिओत मुद्रण झालं. हुस्साम रम्झीच्या नेतृत्वाखालचा इजिप्शियन वाद्यवृंद ‘काश्मीर’ला लाभला, तर ‘बॅटल ऑफ एव्हरमोर’मध्ये भारतीय वंशाची गायिका नज्मा अख्तर प्लँटबरोबर गायली. जॉन पॉल जोन्सला मात्र यातलं काहीच कळवलं नव्हतं. ही गोष्ट बरी झाली नाही, आणि प्लँटच्या चाहत्यानेही ती मान्य करावी. १९९८ मध्ये दोघांनी ‘वॉकिंग इंटू क्लार्क्सडेल’ हा नव्या गाण्यांचा अल्बम केला. तो बेतासबात चालला. त्यातलं ‘प्लीज रीड द लेटर’ हे गाणं फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. ते वाचकांनी लक्षात ठेवावं.

मोठी मैदानं पुन्हा खुणावू लागली तसा प्लँट पेजपासून दूर झाला. १९९९ मध्ये तो परत पबांकडे वळला, तेही ‘प्रायरी ऑफ ब्रायन’ अशा कुणाला पत्ता लागू नये असल्या नावाखाली. २००२ च्या ‘ड्रीमलँड’मध्ये त्याने ज्यांची गाणी लहानपणापासून उराशी धरली, ती त्यांच्या नावानिशी गायली. जानेवारी २००३ मध्ये तो मालीतल्या टिंबक्टूजवळच्या एसाकाने गावी वाळवंटातल्या महोत्सवात गेला. तिथे तुआरेग वादक इलेक्ट्रिक गिटारवर जे वाजवत होते, त्यात त्याला मिसिसिपीचा ब्लूज त्याच्या आजोळी भेटल्यासारखा झाला. २००५ च्या ‘माइटी रीअरेंजर’वर त्या वाळूची छाप आहे.

इथवर येता येता त्याच्या गळ्याचं काय झालं होतं, हे सांगायला हवं. गायकाचं वाद्य त्याच्या देहातच असतं, त्यामुळे ते बदलून घेता येत नाही. १९७३ नंतर त्याचा तारस्वर पूर्वीसारखा लागत नव्हता, हे त्या काळच्या मैफलींच्या मुद्रणांत स्पष्ट ऐकू येतं. आपल्याकडे बुजुर्ग गवई वय झालं की पट्टी उतरवतात, षड्ज खाली घेतात, आणि जे ताकदीने करायचं ते लगावाने करू लागतात. त्यात कमीपणा कुणी मानत नाही. रॉकमध्ये मात्र साठीच्या गायकाकडून लोक विशीतला आवाज मागतात. बरेच जण ती मागणी पुरवायचा प्रयत्न करतात आणि ते ऐकताना जीव कासावीस होतो.

प्लँटला याचं उत्तर नॅशव्हिलमध्ये सापडलं. २००४ मध्ये क्लीव्हलँडला जुन्या काळचा ब्लूज गायक लेड बेली याच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमात तो ॲलिसन क्राउसबरोबर गायला. ती ब्लूग्रास परंपरेतली गायिका आणि व्हायोलिनवादक, वयाने तेवीस वर्षांनी लहान, सुराला काटेकोर. टी-बोन बर्नेट या निर्मात्याने दोघांसाठी गाणी निवडली, नॅशव्हिलमध्ये मुद्रण झालं आणि ऑक्टोबर २००७ मध्ये ‘रेझिंग सँड’ आला. ब्लूग्रासमध्ये दोन आवाज एकमेकांना धरून चालतात. कोणी कुठे थांबायचं, कोणता शब्द किती लांबवायचा, हे ठरलेलं असतं. प्लँट आयुष्यभर बहुतेक एकट्याने गायलेला, प्रत्येक रात्री ओळ वेगळी करणारा. वयाच्या ५८ व्या वर्षी त्याला दुसऱ्याच्या आवाजाखाली राहून सहगायन करायला शिकावं लागलं, आणि तो विद्यार्थ्यासारखा शिकला. त्या अल्बममध्ये तो जवळजवळ कुजबुजतो. त्याच्या गळ्यात इतके बारकावे होते, हे तीस वर्षं त्या किंकाळीखाली झाकलं गेलं होतं.

मग सात आठवड्यांनी, १० डिसेंबर २००७ रोजी, लंडनच्या ओटू अरेनात लेड झेपेलिनचा कार्यक्रम झाला. ॲटलांटिक रेकॉर्ड्सच्या अहमत एर्टेगनच्या स्मरणार्थ हा एकच प्रयोग होता, ड्रम्सवर बॉनमचा मुलगा जेसन. तिकिटांसाठी सोडत काढावी लागली. दोन कोटी अर्ज आल्याची नोंद गिनीज बुकात आहे. चौघे अप्रतिम वाजले. लाइव्ह एडची नामुष्की त्या रात्री धुऊन निघाली, आणि साहजिकच जगभर मागणी सुरू झाली की आता दौरा करा. पेज, जोन्स आणि जेसन तयार होते. प्लँट क्राउसबरोबर अमेरिकेच्या नाट्यगृहांतून फिरत होता. सप्टेंबर २००८ च्या अखेरीस त्याने निवेदन काढून सांगितलं की, आपण झेपेलिनबरोबर दौरा करणार नाही. बाकीच्यांनी दुसऱ्या गायकांना घेऊन तालमी केल्या, पण त्यातून काही निघालं नाही.

त्याच्यावर टीका झाली. तो इतरांच्या म्हाताऱ्या दिवसांच्या आड येतो आहे, असंही म्हटलं गेलं. माझ्या मते त्याचा निर्णय बरोबर होता, आणि पैशाच्या दृष्टीने पाहिलं तर रॉकच्या इतिहासातल्या सर्वांत महागड्या नकारांपैकी तो एक असणार. ८ फेब्रुवारी २००९ रोजी ग्रॅमी सोहळ्यात ‘रेझिंग सँड’ला पाच पुरस्कार मिळाले. त्यात वर्षातला सर्वोत्तम अल्बमही होता आणि सर्वोत्तम रेकॉर्डही. ते रेकॉर्ड म्हणजे ‘प्लीज रीड द लेटर’, पेजबरोबर केलेलं आणि अकरा वर्षांपूर्वी कुणी न ऐकलेलं तेच गाणं. बँड चालू असतानाच्या साऱ्या वर्षांत लेड झेपेलिनला एकही ग्रॅमी मिळालं नव्हतं.

त्या यशानंतर लगेच त्याच पठडीतला दुसरा अल्बम काढणं सोपं होतं. प्रयत्न झाला, जमला नाही, आणि त्याने तो सोडून दिला. दोघांचा ‘रेझ द रूफ’ यायला २०२१ उजाडलं. मधल्या काळात त्याने नव्या साथीदारांचा ताफा जमवून त्याला १९६८ मध्ये मोडलेल्या ‘बँड ऑफ जॉय’चंच नाव दिलं. मग गांबियाचा जुल्देह कामारा रित्ती हे एकतारी वाद्य घेऊन मंचावर आला, आणि २०१४ च्या ‘ललबाय अँड द सीसलेस रोअर’मध्ये वेल्स, मिसिसिपी आणि पश्चिम आफ्रिका एका पंगतीत बसले.

‘स्टेअरवे’शी मात्र त्याचं जमलं नाही. विशीत लिहिलेले ते शब्द आता आपले वाटत नाहीत, हे तो वर्षानुवर्षं सांगत आला. पोर्टलंडच्या एका लोकवर्गणीवर चालणाऱ्या रेडिओ केंद्राने ‘देणगी द्या, आम्ही ते गाणं पुन्हा वाजवणार नाही’ असं जाहीर केलं, तेव्हा मोटारीत ऐकत असलेल्या प्लँटने फोन करून पैसे भरले, ही गोष्ट त्याने स्वतःच सांगितली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या कॅन्सरग्रस्तांसाठीच्या एका मदत-कार्यक्रमात त्याने ते सोळा वर्षांनी पुन्हा गायलं. ते गायलं तर मोठी देणगी मिळणार होती. तेवढ्यासाठी गायला, आणि उत्तम गायला. खालच्या पट्टीत, एकही स्वर न ताणता.

२०१९ पासून तो आपल्या गावाजवळच्या वादकांबरोबर ‘सेव्हिंग ग्रेस’ या नावाने छोट्या नाट्यगृहांतून गातो आहे. सूझी डियन ही गायिका बरोबरीने गाते आणि कित्येक गाण्यांत तो तिच्या मागे उभा राहून साथ देतो. त्यांचा अल्बम सप्टेंबर २०२५ मध्ये आला, तेव्हा प्लँट ७७ वर्षांचा होता. ज्यांनी आजवर फक्त लेड झेपेलिन ऐकलं आहे, त्यांनी या आठवड्यात ‘बिग लॉग’, ‘आय बिलीव्ह’ आणि ‘प्लीज रीड द लेटर’ ही तीन गाणी याच क्रमाने ऐकावीत.